ढवळ्याशेजारचा पवळ्या : पोवळ्याच्या मराठी अर्थांचा मागोवा

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण शाळेपासून आपल्या तोंडी असते. तिचा अर्थ सांगताना संगतीचा परिणाम वगैरे गोष्टी आपण सांगतो आणि पुढे जातो. ‘ढवळा’ म्हणजे धवल, पांढरा, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण ‘पवळा’ म्हणजे काय, असे पदव्युत्तर वर्गात विचारले तर सहसा शांतता पसरते. यमकासाठी जुळवलेला शब्द असावा, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक पवळा म्हणजे पोवळ्याच्या रंगाचा, तांबूस. संस्कृत ‘प्रवाल’ प्राकृतातून झिरपत मराठीत ‘पोवळे’ झाला आणि त्याच शब्दाच्या रंगाने गोठ्यातल्या बैलाला नाव मिळाले.

एक लहानसा शब्द म्हणून हे सोडून देता येईल. पण थोडे थांबून विचार केला, तर यात एक कोडे आहे. आमचे मालेगाव वाशीम जिल्ह्यातले, नाशिकचे नव्हे. येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. दागिन्याचे लाल पोवळे तर आपल्या जवळच्या समुद्रातही होत नाही. ते मुख्यतः भूमध्य समुद्रातले. मालवणच्या किनाऱ्यावर किंवा लक्षद्वीपला जी प्रवाळे दिसतात ती खडक रचणारी, सच्छिद्र, वेगळ्या जातीची. त्यांचे मणी होत नाहीत. मग हजारो मैलांवरच्या पाण्यातली ही वस्तू ज्वारी-कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडातल्या गोठ्यात, पितळेच्या घुंगरांच्या आवाजात, इतक्या सहजपणे कशी येऊन बसली? पोवळ्याचा सांस्कृतिक अर्थ शोधायचा तर प्रवास येथूनच, उलट दिशेने करावा लागेल.

प्रथम शब्दांकडे पाहू. संस्कृतात पोवळ्याला दोन प्रमुख नावे आहेत, ‘प्रवाल’ आणि ‘विद्रुम’. प्रवाल म्हणजे मुळात कोवळा अंकुर, नवी पालवी. विद्रुमात तर ‘द्रुम’ म्हणजे झाड उघडच आहे. ज्यांनी ही नावे दिली त्यांना पोवळे ही समुद्रातली वनस्पती वाटत होती. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या हास्याचे वर्णन करताना दोन कल्पना शेजारी-शेजारी येतात : कोवळ्या पानावर ठेवलेले पांढरे फूल आणि लखलखीत पोवळ्यावर ठेवलेला मोती. तेथे पानासाठी ‘प्रवाल’ आणि पोवळ्यासाठी ‘विद्रुम’ असे शब्द कवीने योजले आहेत. एकाच श्लोकात पालवी आणि पोवळे यांचे जुने नाते तो जागे करतो. ‘रघुवंशा’च्या तेराव्या सर्गात पुष्पक विमानातून राम सीतेला समुद्र दाखवतो. लाटेच्या वेगाने शंखांचा थवा पोवळ्यांच्या उभ्या अंकुरांत अडकला आहे, आणि ती पोवळी सीतेच्या ओठांशी स्पर्धा करणारी आहेत. येथेही पोवळ्याला ‘अंकुर’ आहेत. पुढे ओठ आणि पोवळे ही जोडी संस्कृतातून मराठी पंडित कवींच्या आख्यानांत इतकी रुळली की तिच्यातला समुद्र पार आटून गेला. सगळीकडेच तसे झाले असावे. १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेक्सपिअरच्या एका सुनीतात कवी आपल्या प्रेयसीचे ओठ पोवळ्याइतके लाल नाहीत असे मोकळेपणाने सांगून या झिजलेल्या उपमेची थट्टाच करतो.

पोवळे हे झाड नव्हे, प्राण्यांची वसाहत आहे, हे विज्ञानाला कळायला अठरावे शतक उजाडावे लागले. मार्सेयचा वैद्य पेसोनेल याने १७२० च्या दशकात हे सांगितले, तेव्हा पॅरिसच्या विद्वानांना ते पटले नाही. त्याचे म्हणणे मान्य व्हायला आणखी काही दशके गेली. आज आपण जाणतो, की सूक्ष्म जीव समुद्रातल्या कॅल्शियमपासून हा लाल सांगाडा घडवतात आणि त्याची जाडी वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही. बोटाएवढ्या फांदीमागे कित्येक दशके उभी असतात.

वनस्पती, प्राणी आणि दगड अशा तीन कुळांच्या सीमेवरच्या या वस्तूभोवती कथा निर्माण होणे साहजिक होते. त्यातले एक साम्य तौलनिक साहित्याच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावे. गरुडपुराणातील रत्नपरीक्षेत बल नावाच्या असुराच्या देहापासून रत्ने निर्माण होतात आणि त्याच्या आतड्यांपासून पोवळे. रोमन कवी ओव्हिड याच्या ‘मेटॅमॉर्फोसिस’मध्ये पर्सिअस मेडूसाचे छाटलेले मस्तक समुद्रवनस्पतींवर ठेवतो आणि त्या वनस्पती कठीण होऊन पोवळे बनतात. शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मध्येही बुडालेल्या बापाच्या हाडांचे पोवळे झाल्याचे गाणे आहे. या कथांचा परस्परांशी संबंध जोडण्याची गरज नाही. पण तीनही ठिकाणी पोवळे मेलेल्या देहाशी जोडलेले आहे, आणि मरणाचे रूपांतर टिकाऊ, लाल, सुंदर वस्तूत झाले आहे. रक्ताच्या रंगाची, पण न वाळणारी, न काळवंडणारी वस्तू पाहून माणसाला ठिकठिकाणी सारखेच काहीतरी सुचले असावे.

आता व्यापाराकडे वळू, कारण पोवळ्याचा अर्थ जितका काव्यात घडला तितकाच बाजारात घडला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोशात घ्यावयाच्या रत्नांच्या परीक्षेत पोवळ्याचे दोन प्रकार येतात, आलकंदक आणि वैवर्णिक. आलकंदक म्हणजे अलेक्झांड्रियाहून येणारे, असा अर्थ अनेक अभ्यासक करतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत तांबे, कथील, शिसे, मद्य यांच्याबरोबर पोवळे आहे. याच ग्रंथात भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, या दोन मोठ्या पेठांचा निर्देश आहे. तेथला माल गाड्यांतून, रस्ता नसलेल्या प्रदेशातून भडोचला जात असे. गाड्या जाताना भरून जात. येताना रिकाम्या येत नसणार. दख्खनच्या पठारावर पोवळे चढले असेल ते याच वाटांनी, असे मानायला हरकत नाही.

याच शतकातला रोमन लेखक प्लिनी याने एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. आपल्याकडे भारतीय मोत्याला जी किंमत आहे, ती भारतीयांकडे पोवळ्याला आहे, असे तो म्हणतो. आणि पुढे जोडतो, की असल्या वस्तूंचे मोल लोकांच्या समजुतीवर ठरते. पूर्वी गॉल लोक तलवारी, ढाली, शिरस्त्राणे पोवळ्याने मढवीत. आता सारा माल परदेशी जात असल्याने ते जेथे निघते तेथेच दुर्मीळ झाले आहे, अशी तक्रारही तो करतो. म्हणजे तिकडच्यांना आपल्या समुद्रातल्या मोत्याचे वेड आणि आपल्याला त्यांच्या समुद्रातल्या पोवळ्याचे! मराठीत ‘मोती-पोवळी’ हा जोडशब्द आपण एका श्वासात उच्चारतो. त्याच्या दोन टोकांना दोन समुद्र आहेत.

विदर्भाच्या वाङ्मयेतिहासाला या संदर्भात एक विशेष स्थान आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ मध्ये उजेडात आलेल्या वाशीमच्या ताम्रपटामुळे ही शाखा स्पष्ट झाली. तिचा संस्थापक सर्वसेन हा स्वतः कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ हे महाराष्ट्री प्राकृतातील काव्य आज उपलब्ध नाही. नंतरच्या साहित्यशास्त्रकारांनी दिलेल्या अवतरणांतून आणि उल्लेखांतून ते आपल्याला माहीत आहे. त्याचा विषय होता कृष्णाने सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजात आणल्याचा. काव्यातला तो स्वर्गीय वृक्ष आणि आपल्या अंगणातला पारिजातक एकच की नाही, या वादात येथे शिरायला नको. पण अंगणातल्या पारिजातकाचा केशरी-लाल देठ पाहून मराठी माणसाला पोवळे आठवते, आणि तमिळ भाषेत तर या झाडाचे नावच ‘पवळमल्ली’, पोवळ्याची मोगरी असे आहे. वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेतील दुसरा प्रवरसेन याने पाचव्या शतकात ‘सेतुबंध’ लिहिले. त्यातील समुद्रवर्णन भारतीय साहित्यातले एक मोठे समुद्रवर्णन आहे आणि त्यात पोवळ्यांची वनेही आहेत. समुद्रापासून इतक्या आत राहणाऱ्या राजाने समुद्राचे काव्य लिहावे, ही गोष्ट वरवर विचित्र वाटते. पण ज्या काळात अजिंठ्याच्या निळ्या रंगासाठी अफगाणिस्तानातला दगड येत होता, त्या काळात दख्खनच्या दरबाराला दूरच्या वस्तू परक्या नव्हत्या. पोवळे पाहिलेल्या माणसाला समुद्र पाहिल्याचा आव आणता येतो. काव्यात तेवढे पुरते.

पुढच्या काळातला एक प्रसंग मात्र आव आणण्याचा नाही. तो रोकड्या व्यवहाराचा आहे आणि मराठी-कोकणी समाजाच्या इतिहासात त्याची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतील लिव्होर्नो बंदरात एर्गास आणि सिल्वेरा नावाची ज्यू व्यापाऱ्यांची पेढी होती. १७०४ ते १७४६ या काळात ही पेढी भूमध्य समुद्रातले पोवळे लिस्बनमार्गे गोव्याला पाठवीत असे आणि बदल्यात भारतीय हिरे मागवीत असे. गोव्यात तिचा व्यवहार पाहणारे होते सारस्वत व्यापारी, पोर्तुगीज कागदांत ‘कामोतिम’ म्हणून येणारे कामत. पेढीचा पत्रसंग्रह अभ्यासून फ्रान्चेस्का त्रिवेल्लातो या इतिहासकार विदुषीने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या संबंधांची तपशीलवार मांडणी केली आहे. लिव्होर्नोतला ज्यू आणि गोव्यातला हिंदू. पत्रे पोर्तुगीज भाषेत, कारण दोघांनाही चालेल अशी तीच भाषा. पत्राचे उत्तर यायला जहाजांचे हंगाम लोटत. दोघांना बांधणारे कोणतेही एक न्यायालय नव्हते, एक धर्म नव्हता, नातेसंबंध तर शक्यच नव्हता. विश्वास होता तो केवळ पत्रांतल्या शब्दावर आणि बाजारातल्या पतीवर. त्याच काळात गोव्यात धर्मन्यायालय चालू होते. ज्यू आणि हिंदू दोघेही त्याच्या दृष्टीने संशयित. अशा काळात पोवळ्याच्या पेट्या आणि हिऱ्यांच्या पुड्या एकमेकांना ओलांडत राहिल्या. वस्तूंच्या इतिहासात सहसा राजे आणि जहाजे येतात. येथे दोन अनोळखी माणसांची लेखणी आहे. साहित्याच्या अभ्यासकाने पत्रवाङ्मय म्हणूनही याकडे पाहायला हवे.

हे पोवळे शेवटी जात होते कोणाकडे? सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए याने म्हटले आहे, की युरोपात पोवळ्याला रत्नाचा मान नसला तरी जगाच्या इतर भागांत त्याला फार मान आहे, आणि आशियात सामान्य लोक ते गळ्यात नि हातात वापरतात. यातले ‘सामान्य लोक’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. हिरा दरबारात राहिला, माणिक-पाचू खजिन्यात राहिले. पोवळे मात्र थोडे खाली उतरले. सोन्याच्या मण्यांमध्ये अधूनमधून एखादे पोवळे ओवले की माळ भरलेली दिसते आणि सोने कमी लागते, हा हिशेब सोनार आणि बाई दोघांनाही कळत होता. गोवा-कारवारकडच्या सारस्वत घरांत मंगळसूत्रातही पोवळी ओवण्याची रीत आहे. १८७५ नंतर सिसिलीतील शाक्का येथे समुद्रतळाशी मृत पोवळ्याचे प्रचंड साठे सापडले आणि भाव कोसळले. त्या शतकात नेपल्सजवळच्या तोर्रे देल ग्रेको या गावात घडवलेल्या पोवळ्याची मोठी बाजारपेठ कलकत्ता होती. इटलीतल्या मासेमाराच्या घरची चूल अशा रीतीने भारतातल्या लग्नसराईवर अवलंबून होती.

दागिन्याबरोबर पोवळे देवघरात आणि औषधाच्या डबीतही गेले. आमच्या मालेगाव तालुक्यात शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे प्रसिद्ध तीर्थ आहे. जैन परंपरेतील एका सुपरिचित स्तुतीत एकशे सत्तर जिनांचे वर्ण सांगताना सोने, शंख, पोवळे, पाचू आणि मेघ अशा पाच उपमा येतात. तांबड्या रंगाचे प्रमाण म्हणून तेथे पोवळे आहे. खानदेशात एरंडोलजवळचे पद्मालय हे गणेशस्थान ‘प्रवाळ क्षेत्र’ म्हणून ओळखले जाते आणि तेथील मूर्ती प्रवाळाच्या आहेत अशी श्रद्धा आहे. आयुर्वेदात प्रवाळभस्म, प्रवाळपिष्टी, प्रवाळ पंचामृत ही पित्तावरची नेहमीची औषधे. कामदुधेतही ते असते. उन्हाळ्यात ‘प्रवाळयुक्त’ अशी चिठ्ठी लावलेली गुलकंदाची बरणी आजही मराठी घरात येते. दागिना म्हणून जे परवडले नसते, ते चमचाभर गुलकंदातून पोटात जाते.

आणि ज्यांना दागिनाही परवडला नाही, औषधही नाही, त्यांनी काय केले? त्यांनी शब्द घेतला. कुणब्याच्या घरात पोवळ्याची माळ नसेल, पण तांबूस बैलाला पोवळ्याचे नाव देण्याला पैसा लागत नव्हता. विदर्भातला गवळाऊ बैल पांढरा, आणि दक्षिणेला नांदेडकडचा लाल कंधारी तांबडा. ढवळ्या आणि पवळ्या असे दोन्ही वाण आमच्या भागाच्या दोन बाजूंना नांदत आले आहेत. पोळ्याच्या दिवशी खांदमळणी झालेला, झूल घातलेला तांबूस बैल हा शेतकऱ्याचा सर्वांत मोलाचा जिन्नस असे. त्याला रत्नाचे नाव शोभतच होते. शेतात क्वचित दिसणाऱ्या, पोटाशी लाल असलेल्या बारीक विषारी सापालाही मराठीने ‘पोवळा’च म्हटले. दरबारी कवीने पोवळे सुंदरीच्या ओठांवर ठेवले, तर शेतकऱ्याने ते बैलाच्या कातड्यावर आणि सापाच्या पोटावर पाहिले. माझ्या मते पोवळ्याला आपल्या भाषेत खरे घर मिळाले ते या दुसऱ्या ठिकाणी. उपमा वापरून झिजते. गोठ्यातले नाव मात्र रोज हाक मारून जिवंत राहते.

आज मात्र पोवळे म्हटले की बहुतेकांना एकच अर्थ आठवतो : मंगळाचा खडा. अनामिकेत, मंगळवारी, सोन्यात किंवा तांब्यात. नवग्रहांना नवरत्ने वाटून देण्याची कल्पना जुनी आहे, यात वाद नाही; संकट टाळण्यासाठी पोवळे अंगावर बाळगण्याची समजूत प्लिनीनेही नोंदवली आहे, आणि इटलीतल्या जुन्या चित्रांत बाळ येशूच्या गळ्यातही पोवळे असते. पण ज्योतिषाचा मोठा आचार्य वराहमिहिर याने ‘बृहत्संहिते’त सविस्तर परीक्षा केली ती हिरा, मोती, माणिक आणि पाचू या चारच रत्नांची. पोवळ्याला तेथे स्वतंत्र अध्याय नाही. म्हणजे एकेकाळी जो अनेक अर्थांतला एक अर्थ होता, तो आता एकमेव होऊन बसला आहे.

हे केवळ अर्थसंकोचाचे उदाहरण म्हणून भाषाशास्त्राच्या वहीत लिहून ठेवण्यासारखे नाही. ‘कडक मंगळ’ या दोन शब्दांनी किती मुलींची लग्ने अडतात, शिक्षण संपण्याआधी किती घरांत पत्रिकांची धावाधाव सुरू होते, हे महाविद्यालयात शिकवणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. ‘मंगल’ म्हणजे शुभ; आणि त्याच शब्दाच्या नावाने वधूला अशुभ ठरवायचे, ही विसंगती भाषेच्या शिक्षकाने तरी दाखवून द्यायला हवी. त्या भीतीवर उपाय म्हणून विकले जाणारे लाल खडे पुष्कळदा पोवळे नसतातच. काच, प्लास्टिक किंवा रंगवलेला सामान्य प्रवाळ असतो. त्याहून चमत्कारिक गोष्ट ‘इंद्रजाल’ नावाच्या काळ्या जाळीदार ‘मुळी’ची. चौकटीत बसवून, दृष्ट लागू नये म्हणून ती घरात टांगतात. ती मुळी नसून काळे पोवळे किंवा समुद्रपंखा या वर्गातला प्राणी आहे. या जीवांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे आणि त्यांची विक्री हा गुन्हा आहे. पेसोनेलला जाऊन शतके लोटली, तरी प्राण्याला झाड समजण्याची चूक आपण करतोच आहोत. फरक इतकाच, की ‘विद्रुम’ म्हणणाऱ्यांच्या चुकीतून कविता निघाली. आपल्या चुकीतून समुद्रतळ ओरबाडला जातो.

वस्तूला स्वतःचा अर्थ नसतो, तो माणसे देतात, असे आपण वर्गात सहज म्हणून जातो. पोवळ्याच्या बाबतीत हे देणे कोणी, कोणत्या गरजेपोटी दिले ते टप्प्याटप्प्याने दाखवता येते : कवीने सौंदर्य दिले, व्यापाऱ्याने पत दिली, वैद्याने गुण दिला, शेतकऱ्याने नाव दिले आणि ज्योतिषाच्या बाजाराने धाक दिला. यांतले कोणते पुढच्या पिढीकडे जावे, याचा निर्णय काही अंशी आपण काय शिकवतो यावर ठरेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये वऱ्हाडातल्या रानात निष्पर्ण पांगारा लालभडक फुलतो. इंग्रजीत त्याला पोवळ्याचे झाड म्हणतात. त्या दिवसांत ‘कुमारसंभवा’तला तो श्लोक आणि ढवळ्या-पवळ्याची म्हण एकाच तासाला, शेजारी-शेजारी ठेवून शिकवावी. म्हणीतला ‘वाण’ म्हणजे रंग, आणि तो रंग भूमध्य समुद्रातून भडोच, पैठण, तेर करीत आपल्या गोठ्यापर्यंत आला आहे, हे विद्यार्थ्याला एकदा कळले, की ज्याच्या बोटात तो लाल खडा असेल तोही त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहील.